आखणीवाल्या काकांचे दात

"सुकू दे आधी!" काकांचं हे ठरलेलं वाक्य. बँकेतली सही असो की सुनेचा राग, तळहात उभा धरून ते म्हणायचे, "सुकू दे आधी, मग हात लाव."

काका पेणच्या एका गणपती कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचे. मी तिथल्याच एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. रोह्याहून रोज एसटीने येते. पहिल्या दिवशी नाव सांगायच्या आधी त्यांनी माझ्या डोळ्यांकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "डावा जरा बारीक हाय, बाय." आता तुम्हीच सांगा, अशा पेशंटला काय म्हणायचं? घरी जाऊन मी आरसा पाहिला, हे मात्र खरं.

त्यांचे खालचे पुढचे दोन दात हलत होते. आखताना एका हातात ब्रश, दुसऱ्या हाताने मूर्ती सावरलेली, म्हणून जास्तीचा ब्रश ते त्याच दातांत धरायचे. "हे पडले तर आखणी कशी करू?" त्यांनी हसतच विचारलं, पण खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

डॉक्टरीणबाईंनी दोन खेपांत हिरड्यांच्या आतपर्यंत साचलेलं सगळं कीटण खरवडून काढलं. मी नेहमीची पोपटपंची केली. थोडे दिवस गार पाणी झोंबेल, दात शिवशिवतील, घाबरायचं नाही. मऊ ब्रश, शिवशिव कमी करणारी पेस्ट, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, आणि आठव्या दिवशी दाखवायला यायचं. काका मान डोलवून गेले.

आठवा दिवस गेला, नववा गेला. फोन केला तर म्हणे, "येतो गो. सुकू दे आधी." काय सुकू दे? माझं डोकंच फिरलं. दुपारच्या सुट्टीत सरळ कारखाना गाठला.

काका तोंडाला पंचा गुंडाळून बसलेले. नऊ दिवस दातांना ब्रश लावला नव्हता! "तुम्हीच आतून खरवडलंत ना? मग ओल्या मूर्तीला कोन हात लावतो? बोट लागलं की खड्डा पडतो."

"काका, दात म्हणजे काय शाडूची माती आहे?" मी ओरडलेच.

सगळा कारखाना हसला. काका हसले नाहीत. हळूच म्हणाले, "वारा लागला तरी कळ येते, बाय. सफाईनं अजून सैल झाले वाटतं. घासायला गेलो नि हातात आले तर?"

माझा राग तिथेच उतरला. माणूस घाबरला होता हो, आणि मी त्याच्यावर आवाज चढवत होते.

शेजारच्या दुकानातून मऊ ब्रश आणला आणि काकांना नळाशी उभं केलं. "एरवी कसे घासता, दाखवा." अरे देवा! पॉलिश पेपर मारावा तसा ब्रश चालवला. मी त्यांचा हात धरला. "डोळा आखताना ब्रश कसा धरता? तसा धरा."

काका थबकले. दोन बोटांत ब्रश घेतला आणि हिरडीच्या कडेकडेने असा अलगद फिरवला, की मी बघतच राहिले.

"अगो, हलक्या हाताचं काम हाय व्हय! मग आधी नाय का सांगायचं? जन्मभर उगाच रगडत बसलो."

शिवशिव पंधरा-वीस दिवसांत गेली. तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी ते दोन दात हलवून पाहिले. बऱ्यापैकी घट्ट झाले होते. काकांनी पुन्हा तपासायला लावलं, आणि मग मला आत बोलावून माझ्यादेखत तिसऱ्यांदा. त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी न चुकता येत राहिले. मला फोन करायची वेळच त्यांनी आणली नाही.

या खेपेला तारीख आली आणि काका आले नाहीत. फोन लावला, तो सुनेने उचलला. "मामंजी गेले गो. पंधरा दिवस झाले. झोपेतच."

माझे डोळे भरून आले, खरं सांगते. ती म्हणाली, "आदल्या दिवशी सकाळीपन नळाशी उभं राहून दात घासले. नि मलाच ओरडले, किती जोरात घासतेस म्हणून."

मी त्यांची वेळ खोडायला वही ओढली. तेवढ्यात तीच म्हणाली, "त्यांची वेळ कुनाला दिली नायस ना? मलापन गार पानी झोंबतंय. मीच येते."