चीरवाले काका

पक्षीघराच्या दाराशी आले की काका ओठांवर बोट ठेवीत आणि कुजबुजत, "माणसाची सवय लागली की पक्षी संपला." क्राइस्टचर्चबाहेरच्या डोंगरउतारावर, माझ्या कुंपणापलीकडे ते राहत. पुण्याहून आलेले निवृत्त अभियंते. तुमच्याही ओळखीत असे एखादे गृहस्थ असतील, पाहुण्याला चहाआधी आपले वेड दाखवणारे.

काकांचे वेड म्हणजे चीर. हिमालयाच्या गवताळ कड्यांवरचा, दुर्मिळ होत चाललेला, रानकोंबड्याच्या कुळातला पक्षी. राखी-बदामी अंगावर काळे पट्टे, डोळ्याभोवती लाल कातडी, वाळल्या गवतात सळसळणारी लांब शेपूट. न्यूझीलंडमध्ये बाहेरून नवे पक्षी आणता येत नाहीत. आहेत त्यांतूनच वंश टिकवायचा. काकांकडे उरला होता एकच नर.

तो अंड्यातून बाहेर आला त्या वसंतातच काकू गेल्या. मुलगा ऑकलंडला, नातवंडांना मराठी कळे, पण उत्तर इंग्रजीत येई. संध्याकाळी कुंपणावरून ओल्या मातीचा आणि मक्याच्या भरडीचा वास येई, आणि त्याबरोबर काकांचा आवाज. "आज आमटी खारट झाली रे. तुझी काकू असती तर बोलली असती." मी हसू दाबत आत जाई. आम्हा सर्वांना गप्प करणारा माणूस त्या पिल्लाला रोजचा स्वयंपाक सांगत होता.

नर वयात आला, तेव्हा नेल्सन शहरातल्या एका पक्षीपालक बाईंनी मादी दिली. तिला पाहून त्याने पाठ फिरवली. काका दाणे घेऊन आत गेले, तसा त्याने एक पंख झुकवला, शेपूट पसरली आणि त्यांच्याभोवती नाचू लागला.

"काका, स्थळ पसंत पडलेलं दिसतंय," मी म्हटले.

ते हसले नाहीत. बाहेर येऊन त्यांनी जाळीचे दार लावून घेतले. "मीच बिघडवला याला. मी दिसतोय तोवर तो तिच्याकडे बघायचा नाही."

त्याच महिन्यात त्यांनी शहरातल्या रिकार्टन भागात खोली घेतली. दाणापाणी माझ्याकडे सोपवले. खिडकीतून ठेवायचे, शब्दही न बोलता. नर कित्येक दिवस दाराशी उभा राहून साद घाली आणि थकून तिथेच बसे. काका फोनवर एवढेच विचारत, "तिच्याजवळ बसतो का?" हिवाळा सरेपर्यंत माझे उत्तर नाही असेच होते.

पुढच्या वसंतात पिल्ले निघाली. काका आले, पण गाडी रस्त्यापलीकडेच थांबवली. मी शेजारी जाऊन बसले. जाळीआड टसॉक गवताच्या झुबक्यांतून पिल्ले धावत होती, आणि नर मान उंच करून त्यांची राखण करीत होता.

मी काच उतरवू लागले, तर त्यांनी माझा हात धरला. "नको. आवाज ओळखेल तो."

उतारावर थंड सावली आली. नराने साद घातली. काचेतून ती पुसटच ऐकू आली. काकांचे ओठ हलत राहिले, बराच वेळ, काहीतरी सांगत असल्यासारखे. गाडीत आवाज कसलाच नव्हता.