चोवीस व्होल्टच्या काकी

कुणाच्याही दारात जीप थांबली की फुलवंताकाकी नमस्काराला हात जोडायच्या आधी सीटखालची पेटी उघडायच्या, कमरेला खोचलेला पाना काढायच्या आणि बॅटरीची वायर सोडवून ठेवायच्या. लग्न असो, बारसं असो, मयत असो. प्रेत अंगणात आणि काकी जीपमध्ये वाकलेल्या, असं आमच्या गावाने अनेकदा पाहिलं आहे आणि तोंडावर हात ठेवून हसूनही घेतलं आहे. हसणाऱ्यांची नावं मला पाठ आहेत. त्यांच्यातल्या एकालाही हसायचा अधिकार नव्हता, आणि तो का नव्हता हे कुणीतरी लिहायलाच हवं.

काकी म्हणजे फुलवंताबाई पटले. आमचं गाव नवेगाव बांधच्या अलीकडे. माझं किराणा दुकान आणि त्यांचं घर यांच्यात एकच भिंत. धानाची शेती मोठी आणि काकींचा आवाज त्याहून मोठा. नवरा, धनलालकाका, अगदी मऊ माणूस. ‘नाही’ हा शब्द त्यांना कधी जमलाच नाही. त्यांना जुन्या लष्करी गाड्यांचं वेड. जबलपूरकडच्या लिलावातून त्यांनी सैन्याने काढून टाकलेली एक जीप आणली, तेव्हा काकी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मग स्वतःच चालवायला शिकल्या, कारण काका एकही खड्डा सोडत नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं.

बघता बघता ती गावाची गाडी झाली. जंगलालगतच्या टोल्यांचा, म्हणजे छोट्या वस्त्यांचा, रस्ता चिखलात गेला की तिथे दुसरं काही पोचत नाही. जीप पोचायची. बाळंतीण, साप चावलेला, तापाने फणफणलेला, सगळे तिच्यातून दवाखान्यात गेले. काकी कुणाला नाही म्हणाल्या नाहीत, पण शिव्या दिल्याशिवाय कुणाला बसवलंही नाही. “मरून राहिला तवा जीपची आठवण आली का बे? काल काऊन नाई आला?” असं म्हणत त्या गिअर टाकायच्या.

आता बॅटरीचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. लष्करी गाडी चोवीस व्होल्टची. बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि दोघींनी मिळून जोर लावला तरच इंजिन फिरतं. गोंदियातला प्रत्येक मिस्त्री सांगायचा, “आंटी, बारा का करवा लो, झंझट खतम.” काकी त्याला उलट सुनवायच्या, “गाडीले बदलवू नको, तू शिकून घे.” पण खरा त्रास मिस्त्र्यांचा नव्हता, माईकवाल्यांचा होता. माईकचं मशीन बारा व्होल्टचं. लाइट गेली की हे लोक जीपमधल्या एकाच बॅटरीला चिमटे लावून मोकळे. ती एक पार रिकामी होते, दुसरी भरलेलीच राहते, आणि गाडी जागची हलत नाही. काकी प्रत्येकाला सांगून थकल्या: “दोन बैल आहेत जी. एकाचंच रक्त पेसाल तं बंडी कशी चालंल?” लोक माना डोलवायचे आणि पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तेच करायचे.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आज या गावात, उद्या शेजारच्या. त्या वर्षी मंडई समितीचा अध्यक्ष तेजराम जीप मागायला आला. पाहुण्यांना वाजतगाजत आणायचं आणि मग दंडारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, मंडपाशेजारी जीप उभी करायची, म्हणजे लोक फोटो काढतील. काकींनी साफ नकार दिला. काका म्हणाले, “नेऊ दे न वो, गावचीच मंडई आहे.” शेवटी बॅटरीला हात लावायचा नाही या अटीवर काकी कबूल झाल्या. तेजरामने गळ्याला हात लावून शपथ घेतली.

भर दंडारीत लाइट गेली. जनरेटरची सोय कुणी केलीच नव्हती. तेजरामने चिमटे लावायला सांगितले आणि सांज होईपर्यंत माईक काकींच्या एका बॅटरीवर बोंबलत राहिला. दंडार संपल्यावर जीप सुरू होईना. तेव्हा या शहाण्यांनी काय करावं? नाचत, गुलाल उधळत, ढकलत ती काकींच्या अंगणात आणून लावली आणि सांगितलं की पोरं हौसेनं ढकलून राहिली. एवढ्या माणसांत एकालाही खरं सांगावंसं वाटलं नाही. मला आजही या गोष्टीचा जितका संताप येतो तितका चिमट्यांचाही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेली होती. काकींनी काकांना जीपमध्ये बसवून चावी फिरवली. आतून नुसता ‘कट्’ असा आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. ट्रॅक्टरवाले, कारवाले सगळे शेजारच्या गावच्या मंडईला गेलेले. मी आणि घरातली दोघं-तिघं जीप ढकलत राहिलो, पण ती काही लागली नाही. मग काकींनी सीटखालची पेटी उघडली. एका बॅटरीच्या शिशाच्या टोकावर चिमट्याच्या दातांचे ताजे ओरखडे होते. त्या नुसत्या त्यावर बोट फिरवत राहिल्या. कुणाची तरी कार मिळेपर्यंत फार उशीर झाला. काका तलावाच्या पाळीवर, वाटेतच गेले.

तेरवीला सगळं गाव जेवायला आलं. पंगत बसली आणि काकी मधोमध येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, चिमटा कोणी लावला. तेजराम ताटाकडे बघत म्हणाला, “जाऊ द्या जी काकी. काकाची वेळच आली होती.”

“वेळ नाई आली होती,” काकी म्हणाल्या. “बॅटरी मेली होती. तू सांगतलं असतं तं मी रातीच दुसरी आणून लावली असती.”

कुणीतरी पुटपुटलं की पंगतीत हे कायले. आणि लोक जेवू लागले. खरंच जेवू लागले. वाढप्याला हाका मारून वरण मागितलं त्यांनी. मी ताटावरून उठलो, पण माझ्या उठण्याने कुणाचा घास अडला नाही.

पाना कमरेला आला तो तेव्हापासून; वायर सुटलेली दिसली की कुणी चिमटे लावायला धजत नसे. मला वाटलं होतं काकी आता गावासाठी जीप काढणार नाहीत. मी तसं सुचवलंही. त्या माझ्यावरच उखडल्या: “टोल्यावरच्या बाईनं मायं काय बिघडवलं रे?” पुढे तेजरामची सून बाळंतपणात अडली तेव्हाही जीपच गेली. त्या दिवशी काकींनी एकही शिवी दिली नाही. तेजराम मागे बसून हात जोडत होता आणि काकींनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

या हिवाळ्यात काकी गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. नागपूरहून आलेल्या मुलीने जीपची चावी माझ्या हातात दिली. आईची इच्छा होती की जीप विकायची नाही, टोल्यांसाठी चालू ठेवायची. ग्रामपंचायतीसमोर शोकसभा ठरली तेव्हा तिने सांगितलं म्हणून काकींचा फोटो मी जीपमध्ये ठेवून नेला आणि पुढच्या रांगेत जाऊन बसलो.

तेजराम बोलायला उभा राहिला. काकींचा त्याग, काकींचा आदर्श, काकींची ती रणरागिणी जीप. आवाज खणखणीत येत होता. बघतो तर पंचायतीत लाइटच नव्हती. मी मागे वळलो. माईकची वायर लोकांच्या पायांतून जीपपर्यंत गेली होती, पेटीचं झाकण उघडं होतं, आणि एकाच बॅटरीला दोन चिमटे लावलेले होते. वर काकींचा हार घातलेला फोटो.

मी उठलो आणि चिमटे उपटून काढले. माईक वाक्याच्या मध्येच बंद पडला.

“काऊन काढलास गा?” तेजराम ओरडला. “काकीबद्दलच तं बोलून राहिलो.”

“बोल न,” मी म्हणालो. “तुया आवाजानं बोल. आम्ही आयकून राहिलो.”

त्याने लोकांकडे पाहिलं, मग हातातल्या मुक्या माईककडे. एवढी मोठी सभा वाट पाहत होती, आणि त्या माणसाला काकींबद्दल एक शब्द बोलता आला नाही. त्याच्या मागे समितीची सगळी माणसं खाली मान घालून उभी होती. त्यांच्यातलंही कुणी पुढे आलं नाही.

मी सीटवर बसून चावी फिरवली. जीप लागली. फोटो पडू नये म्हणून एका हाताने धरला आणि त्या सगळ्यांच्या मधून गाडी काढली.