पडताळणीची बाटली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही — आईला नाही, मार्गदर्शकांना नाही, आणि जिला सांगायला हवे होते तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, तेही आडवळणाने. थेट सांगायची भीती वाटते.

आधी रसायनशास्त्र सांगते. तिथे माझा आवाज कापत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तसा तो समुद्रात अधिक विरघळतो आणि पाण्याची आम्लता वाढते. शिंपले ज्या कार्बोनेटपासून घडतात, ते कमी होत जाते. पीएचचा आकडा किंचितच खाली सरकतो — पण ही मोजपट्टी दहापटीची आहे. एक अंक उतरला की आम्लता दहापट. कालवाच्या, म्हणजे ऑयस्टरच्या, नुकत्याच जन्मलेल्या अळीला पहिल्या दोनेक दिवसांतच कवच बांधावे लागते. पाणी साथ देईना, तर ती बांधता बांधता संपते.

न्यू जर्सीच्या एका खाडीत पाण्याचा पीएच मोजणारा माझा सेन्सर होता. माझ्या प्रबंधाचा दावा असा, की इथले समुद्रगवत कार्बन शोषते, म्हणून ही खाडी सुरक्षित आहे. लोकांना आवडेल असा दावा. तिथल्याच पार्सिपनी गावच्या काकू हळदीकुंकवाला माझी ओळख करून देत, "ही आमची समुद्र वाचवते हो! पोळी मात्र अजून गोल येत नाही."

खाडीकाठी डोनाची हॅचरी होती. तिथे ती कालवांची पैदास करी. साठीची, एकटी, मिश्किल बाई. खाडीच्या पाण्याने टाक्या भरण्यापूर्वी मला फोन करी. माझा आकडा ऐकल्याशिवाय तिने कधी झडप उघडली नाही.

एका जुलैत सलग चार दिवस नैर्ऋत्येचा वारा वाहिला. असा वारा किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाहेर ढकलतो आणि खोलातले, कार्बनने भरलेले पाणी वर येते. सेन्सरचा आकडा कोसळला. आता, सेन्सर कधी कधी भरकटतात, चुकीचे आकडे देतात. म्हणून आमच्यात शिरस्ता आहे — त्याच्याच शेजारून एक बाटली भरायची, सीलबंद करायची आणि प्रयोगशाळेत वेगळी मोजायची. सेन्सरवर संशय आला, तर निर्णय बाटलीचा.

पुढच्याच आठवड्यात माझी नोकरीची मुलाखत होती, आणि तिथे मी ही सुरक्षित खाडीच मांडणार होते. 'सेन्सर भरकटला' — मी वहीत लिहिले. पुढे कित्येक वर्षे स्वतःलाही तेच ऐकवले: घाई होती, चूक झाली. चूक? डोनाचा फोन आला, तेव्हा ती बाटली उघडलेली होती. मोजून झाली होती. दोन्ही आकडे जुळत होते.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?" तिने विचारले. "माझी बाळं खोळंबलीत गं. सोडू पाणी?"

"यंत्र बिघडलंय," मी म्हणाले. "सोड. पाणी ठीक आहे."

तिसऱ्या दिवशी तिने मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवले. अर्धवट, वेडीवाकडी कवचे — हालचाल कुठेच नाही. "टाकी धुताना ब्लीच राहिलं असणार," ती म्हणाली. "हात म्हातारे झाले माझे."

"शक्य आहे," मी म्हणाले.

हे दुसरे वाक्य पहिल्याहून वाईट होते, हे मला तेव्हाही कळत होते. पुढच्या हंगामात डोनाने हॅचरी बंद केली. दोष स्वतःच्या हातांना दिला. मला नोकरी मिळाली.

सुरुवातीला पकडली जाण्याची भीती होती. ती केव्हाच विरली. आता त्या पाण्याचीच भीती वाटते. हवेतला कार्बन दरवर्षी वाढतोच आहे. तोच वारा आता आणखी आम्लधर्मी पाणी वर आणतो. आणि माझा प्रबंध वाचून त्या काठावर दोन नव्या हॅचरी उभ्या राहिल्या आहेत. तिथून मला फोन येत नाहीत. खाडी सुरक्षित आहे, हे मीच लिहून ठेवले आहे. मग विचारायचे कशाला?

रिकामी बाटली माझ्या कपाटात आहे. चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि आकडा — माझ्याच नेटक्या अक्षरात.

वारा कालपासून नैर्ऋत्येचा आहे. हे लिहिते आहे तेव्हा तिथे सकाळच्या टाक्या भरायची वेळ झाली आहे.