डोक्याचं माप

लागोपाठ दोन वर्षं पाऊस नीट झाला नाही, तेव्हा आमच्या घरी ज्वारीच्या कण्या शिजायच्या, त्याही दिवसातून एकदाच. वडील गावचे सुतार. शेतकऱ्यांची औतं करून द्यायची आणि सुगीत त्यांच्या खळ्यावरून धान्य आणायचं, ही आमची मिळकत. खळीच भरली नाहीत तर सुताराला कोण काय देणार? आई लोकांच्या रानात कापूस वेचायला जायची. अशा दिवसांत मी मंठ्याच्या शाळेत पाचवीत नापास झालो. दुसऱ्यांदा.

गावच्या शाळेत चौथीपर्यंत माझा पहिला नंबर असायचा, हे मुद्दाम सांगतो. मंठ्याला मात्र, तेव्हा आमचा मुलूख हैदराबाद संस्थानात असल्यानं, पाचवीपासून सगळं उर्दूत. बाकीची पोरं तिथलीच, बाजारात उर्दू ऐकून वाढलेली. मी धडे पाठ करून घडाघडा म्हणायचो, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. हिशेबाचा सवाल आला की मात्र गप्प.

शेजारचा लोहार वडिलांना म्हणाला, "दादा, पोराला देवानं चौथीपुरतंच डोकं दिल्तं. आता कितीबी वता, सांडूनच जानार."

आमच्याकडं सगळ्यांचा तसाच समज होता. हातपाय वाढतात तसं डोकंही वाढतं, आणि ज्याचं त्याचं एका मापाला येऊन थांबतं. माझं लवकर थांबलं, एवढंच. वाईट हे की मलाही ते पटलं होतं.

वडिलांनी ठरवलं, शाळेतून नाव काढायचं आणि माझ्या हातात लाकूड तासायचा वाकस द्यायचा. मला घेऊनच ते मंठ्याला गेले. हिशेब शिकवणारे मौलवीसाहेब ओसरीवर बसले होते. वडिलांनी नाव काढायचं म्हणताच ते म्हणाले, "काढू. पण सुतार आलाच आहात तर हे बघा. सहा मेजांचे वरचे पाट मोडलेत. फळ्या किती लागतील?"

वडिलांनी एक मेज हातानं मोजलं. चार हात लांब, तीन वीत रुंद. "घरी आठ हात लांब फळ्या हायेत, वीतभर रुंदीच्या," असं म्हणून ते बोटं मोजू लागले.

"नऊ," मी म्हणालो. "अन् एक जास्तीची धरा. एखादीत गाठ निघंल."

मौलवीसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मग पुस्तक उघडून उर्दूत एक सवाल वाचला. मी खाली मान घातली. त्यांनी तोच सवाल मराठीत सांगितला. मी उत्तर दिलं. दुसरा सांगितला, त्याचंही दिलं.

"या अल्ला!" त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, तुला सवालच समजून न्हाई राह्यला! दोन साल मुक्यासारखा का बसला?"

"मला वाटलं, डोकं संपलं," मी म्हणालो.

ते इतके हसले की टोपी सरळ करावी लागली. मग वडिलांना म्हणाले, "नाव राहू द्या. दुपारच्या सुट्टीत रोज माझ्यापाशी बसेल. उर्दू काही हवेतून येत न्हाई, शिकवावी लागते. ही माझीच चूक."

परतताना वाटेत वडील ओढ्यापाशी थांबले. तोंड धुतलं, आणि पंच्यानं पुसत म्हणाले, "म्हंजी, डोकं हाय."

"हाय," मी म्हणालो.

मग आम्ही दोघंही हसत सुटलो. वडिलांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कण्या त्या दिवशीही एकदाच शिजल्या, पण मला भूक लागल्याचं आठवत नाही.

त्या वर्षी मी पाचवी पास झालो आणि पुन्हा कुठंच अडलो नाही. हैदराबादला कॉलेजात मानसशास्त्र घेतलं. पुस्तकात माणसाची वाढ पायऱ्या पायऱ्यांनी मांडलेली होती. अमुक वयात मुलाला हे कळतं, तमुक वयात ते. मी प्राध्यापकांना विचारलं, "साहेब, ज्या पोरांवरून ह्या पायऱ्या ठरवल्या, त्यांना सवाल कुठल्या भाषेत विचारले होते?" ते म्हणाले, "पुढचं पान काढा."

मी काढलं. मानसशास्त्राचा पेपर मी उर्दूतच लिहिला आणि बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर.