ट्रूसच्या कॅलेंडरात चूक नसायची

जपान्यांनी जावा बेट घेतलं आणि तिथल्या डच बायकापोरांना छावणीत टाकलं; जाताना प्रत्येकीला एकच सुटकेस न्यायची परवानगी होती. बाकीच्या बायकांनी चादरी कोंबल्या, साबण कोंबला. ट्रूस होक्झेमानं वाढदिवसांचं कॅलेंडर घेतलं. डच माणसाच्या घरात ते संडासाच्या दारावर असतंच. रोज नजरेखाली येतं, कुणी विसरलं जात नाही. ट्रूसनं लग्न केलं नव्हतं. सेमारांगच्या शाळेत वीस वर्षं शिकवताना वर्गातल्या एकाही पोराचा वाढदिवस तिनं चुकवला नव्हता, आणि हे ती सांगायचीही फार.

बांबूच्या तट्ट्यांनी वेढलेल्या गल्लीतलं एक घर, त्यात त्रेसष्ट बायकापोरं. ट्रूसनं पहिल्याच आठवड्यात कॅलेंडर संडासाच्या दाराला ठोकलं आणि एकेकाला विचारून तारखा भरल्या, मुलांच्या नावापुढे जन्मसालही. सकाळ-संध्याकाळ उन्हात रांगेत उभं राहायचं, जपानी शिपायापुढे कमरेत वाकायचं, त्यांच्या भाषेत आकडे म्हणायचे आणि वाटीभर चिकट पेज गिळायची, असे दिवस होते. तरी कुणाचा वाढदिवस आला की प्रत्येकीनं आपल्यातली चमचाभर पेज द्यायची. ती डब्यात थापून उपडी केली की झाला केक. मग डच रीतीप्रमाणे सगळ्यांनी गोल बसून त्या माणसाचं, शिवाय त्याच्या आईचं, बहिणीचंही हात हातात घेऊन अभिनंदन करायचं. भुकेनं जीव चाललेला आणि थाट बघा! चमचा चुकवणारीला ट्रूस धारेवर धरायची.

शेजारच्या चटईवर बाउक्ये रोर्डा असायची. नवऱ्याला कैदी करून सयामकडे नेलेलं, जवळ एकुलता मुलगा वीबे. चव्वेचाळीस सालच्या ऑगस्टमध्ये हुकूम आला, की दहा पूर्ण झालेले मुलगे आता पुरुषांच्या छावणीत जाणार. वीबे चौदा सप्टेंबरला दहाचा होणार होता. पण बाउक्येनं कचेरीत आधीपासूनच त्याचं वय एका वर्षानं कमी सांगून ठेवलं होतं.

"ट्रूस, दारावरचं ते चौतीस खोड बाई. पस्तीस कर."

"पोरानं स्वतः येऊन सांगितलंय मला. खोडाखोड किती घाण दिसते! आणि संडासात कोण जपानी येतोय वाचायला?"

"तू ना, देवालासुद्धा दुरुस्त करशील."

"चुकला तर करीनच."

दोघी हसल्या. वाढदिवसाला केक झाला, सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे "नऊ झाले, नऊ झाले" म्हटलं. ट्रूसच्या तोंडून मात्र नऊ निघेना. ती नुसतं "अभिनंदन" म्हणाली.

ऑक्टोबरात घराची झडती झाली. बाउक्ये तेव्हा हगवणीनं आजारी होऊन दवाखान्याच्या शेडमध्ये पडली होती. सार्जंटबरोबर जपानी दुभाष्या होता, पूर्वी बटाव्हिया शहरात दुकान चालवलेला, थकलेल्या चेहऱ्याचा माणूस. तो संडासाच्या दारापाशी बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं ट्रूसला बोलावलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"या मुलाचं कचेरीत पस्तीस आहे." सार्जंटला डच कळत नव्हतं. दुभाष्यानं आवाज खाली आणला. "लिहिताना तुमची चूक झाली असेल. हो ना?"

तो माणूस तिला वाट काढून देत होता. तिनं नुसती मान हलवायची होती.

"माझ्या कॅलेंडरात चूक नसते," ट्रूस म्हणाली.

शाळातपासनीसाला उत्तर द्यावं त्या ठसक्यात ती बोलून गेली, आणि आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं तेव्हा सार्जंट दुभाष्याला विचारत होता, की ही काय म्हणाली. "नाही, थांबा, असेल चूक, झाली असेल," ती घाईघाईनं म्हणाली. पण सार्जंटनं तोवर कॅलेंडर ओढून काढलं होतं. दुभाष्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं सांगायचं ते सांगून टाकलं.

तिसऱ्या दिवशी ट्रक आला. बाउक्येला शेडबाहेर येऊ दिलं नाही, म्हणून वीबेचं बोचकं ट्रूसनंच बांधलं. ट्रकची फळी धरून पोर नाकडोळे गळेस्तोवर रडत होतं.

"मावशी, तू सांग ना त्यांना! मी नऊचा आहे, सांग ना!"

पुढच्या जूनमध्ये तो तापानं गेला. आईला हे युद्ध संपल्यावर कळलं. नवराही परत आला नाही.

दोघी मायदेशी, हॉलंडला परतल्या, ट्रूस ग्रोनिंगनला आणि बाउक्ये हार्लिंगनला. ट्रूस पुन्हा शिकवू लागली, पण दहा वर्षांच्या मुलांचा वर्ग तिनं कधी घेतला नाही. खाटकाच्या दुकानात रांगेत उभी असताना ती एकदम मोठ्यानं म्हणायची, "हो, चूक झाली." लोक वळून बघायचे. ती मटण न घेताच घरी यायची. त्या दुभाष्याचा खालचा आवाज तिला शिट्टी वाजवणाऱ्या किटलीतून ऐकू यायचा, चर्चमध्ये ऐकू यायचा.

दर चौदा सप्टेंबरला, वीबेच्या वाढदिवशी, मात्र ती गाडी पकडून हार्लिंगनला जायची. अकराव्या वर्षी तिला राहवलं नाही.

"बाउक्ये, झडतीच्या दिवशी त्या दुभाष्यानं मला विचारलं होतं—"

"गप्प बस." बाउक्ये कॉफी ओतत होती, ती ओततच राहिली. "मला शेडमध्येच कळलं होतं. त्रेसष्ट माणसं होती घरात, बोलल्याशिवाय राहतील? पण तू ते माझ्यासमोर बोलायचं नाहीस. बोललीस तर मला तुला हाकलावं लागेल. मग माझ्या वीबेला ओळखणारं कोण उरलं?"

बाउक्येनं कप तिच्यापुढे सरकवला.

"ट्रकमध्ये चढताना तो काय म्हणाला, ते सांग."

"म्हणाला, आईला सांग, मी रडलो नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही," ट्रूसनं तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं.