करपलेल्या तेलाचा वास

दारात मोटरसायकल उभी राहिली की अंबादास मिस्त्री आधी गाडीकडे पाहत नसत. ती आणणाऱ्याचा डावा हात मागत. "डावा हात दाखवा," असे म्हणून तळवा उताणा करत आणि तर्जनी व मधले बोट यांच्या पेरांवरून आपला अंगठा फिरवत. माझा हात त्यांनी पहिल्यांदा धरला तेव्हा मला वाटले, हे आता भविष्य सांगणार. त्यांनी सांगितला तो भूतकाळ.

"सर, तुमी क्लचच्या लिव्हरवर दोन बोटं ठेवूनच नदी वलांडता. चढ आला की अर्धा क्लच धरून ठेवता. व्हय का न्हाई?"

"हो. भीती वाटते."

"घाबरायचं तर ब्रेकवर घाबरा. क्लचवर नका घाबरू. त्यो करपतो."

शेवगावच्या बाजारतळामागे त्यांचे पत्र्याचे गॅरेज होते आणि त्याला लागूनच घर. मी नदीपलीकडच्या गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत असे. मधला पूल पुरात खचला होता आणि नव्या पुलाचे खांब उभे राहून वर काहीच चढत नव्हते. त्यामुळे आम्हा शिक्षकांना रोज पात्रातून जावे लागे: आधी गोटे, मग वाळू, मग ओली चिकण माती आणि शेवटी पलीकडच्या काठाचा खडा चढ. अंतर जेमतेम अर्ध्या किलोमीटरचे. पण तेवढ्यात गाडीचा क्लच वर्षभराचा झिजे.

ज्यांनी क्लच उघडलेला पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेलात बुडालेल्या चकत्यांची ती एक चळत असते. एक चकती लोखंडी, दुसरी घर्षणाची, तिसरी पुन्हा लोखंडी. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर घट्ट दाबून धरतात, तेव्हा इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचते. लिव्हर पूर्ण दाबली की चकत्या सुट्या होतात. अर्धवट दाबून ठेवली, तर त्या धड चिकटत नाहीत आणि धड सुटतही नाहीत. नुसत्या घासत राहतात, तापतात आणि करपतात. मग इंजिन ओरडते आणि गाडी जागची हलत नाही.

अंबादास मिस्त्रींना हे कोणी फळ्यावर शिकवले नव्हते. आईवडील ऊसतोडीला जात, त्यामुळे चौथीपर्यंतची शाळासुद्धा तुकड्यातुकड्यांनी झालेली. कारखान्यांच्या आवारात ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताखाली ते जे शिकले, त्याला मात्र एक काटेकोर क्रम होता. प्रथम लिव्हर, ती ओढायला लागण्यापूर्वी थोडी ढिली हवी, "नखाएवढी". मग केबल, तिच्यात नदीची माती शिरली आहे का. मग इंजिनाजवळची दांडी, जिला केबल ओढते. ती पूर्ण मागे येते का. मग पुढचे चाक भिंतीला टेकवून, गिअर टाकून क्लच सोडायचा. इंजिन गचकन बंद पडले तर पकड शाबूत. आणि सर्वांत शेवटी तेल. तेलाच्या झाकणाला जोडलेली काठी ओढून ते ती नाकाशी नेत, डोळे मिटत आणि निकाल देत. "सोप्पं आधी तपासावं. अवघड काय पळून जात न्हाई." हे वाक्य मी दहावीच्या मुलांना प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावत असे, कोणाचे ते मात्र सांगत नसे.

कामात इतका क्रम असलेला हा माणूस एरवी क्षणभर स्थिर नसे. पाना हातात घेऊन गाडीभोवती फिरायचे, रस्त्यापर्यंत जायचे, कोण येते-जाते पाहून परतायचे. चहासुद्धा चालत चालत. त्यांच्याशी बोलायचे तर मान सतत वळवत ठेवावी लागे. पत्नी कौसाबाई म्हणत, "ह्यांच्या पायात भिंगरी हाय, सर. लग्नात बोहल्यावरून दोनदा खाली उतरले. भटजी म्हनले, नवरदेवाला धरा कोनीतरी."

एकदा पुण्याकडची तीन तरुण मुले आली. मोठ्या गाड्या, गुडघ्यांना कवचे. डोंगरात चिखलातून गाड्या हाणून एकाचा क्लच सुटेनासा झाला होता. मिस्त्रींनी तिघांभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या.

"कुठं अडकला व्हता?"

"अडकलो नाही काका. ऑफ-रोडिंगला आलो होतो. मुद्दाम."

"म्हंजे रस्ता हुता?"

"होता की."

"आन तरी तुमी खालून गेले?" ते माझ्याकडे वळले. "सर, ह्यांना आपल्या शाळेवर लावा नोकरीला. रोज मुद्दाम जातील." तोवर त्यांची बोटे दांडीपाशी पोचली होती. दांडीमागे वाळलेल्या चिखलाचा गोळा घट्ट बसला होता. पाण्याने तो धुतला, केबलमध्ये तेल सोडले, नखाएवढे ढिलेपण ठेवले. क्लच सुटू लागला. इंजिनाचे झाकण उघडावेही लागले नाही.

माझ्या गाडीचा प्रसंग त्यानंतरच्या श्रावणातला. चढावर इंजिनाचा आवाज वाढे, पण वेग वाढत नसे. मिस्त्रींनी ठरलेला क्रम पार पाडला. लिव्हर ताठ झाली होती. ती सैल केली. भिंतीला चाक टेकवून पाहिले, इंजिन बंद पडले. तेलाची काठी नाकाशी नेली, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

"प्लेटा चांगल्या हायती. केबलच ताणली हुती. जावा बिनघोर."

काठी परत लावायला त्यांनी माझ्या हाती दिली आणि ते रस्त्याकडे फिरले. काठी माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होती. मला स्पष्ट वास आला: जळक्या चामड्यासारखा, घशाला लागणारा. मी तो घेतला, नोंदला आणि गप्प बसलो. मिस्त्री म्हणाले चांगल्या, म्हणजे चांगल्या. निरीक्षण अपेक्षेच्या विरुद्ध आले तरी ते आहे तसे लिहा, असे पंचवीस वर्षे मुलांना बजावणाऱ्या माणसाने आपले निरीक्षण खिशात घातले आणि गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी चढाच्या मध्यावर क्लचने पकड सोडली. थंड असताना भिंतीपाशी धरणाऱ्या चकत्या पात्र ओलांडून तापल्या होत्या. इंजिन किंचाळत राहिले आणि गाडी मागे घसरू लागली. मी गाडीखाली आलो. नडगीला सायलेन्सर लागला आणि मनगट मुरगळले. गोट्यावर डोके आपटले नाही, इतकेच.

गाडी टेम्पोत घालून गॅरेजवर आणली. मिस्त्रींनी माझ्या पायाचा भाजलेला पट्टा पाहिला, इंजिनाचे झाकण उघडले आणि चकत्या एकेक करून फडक्यावर मांडल्या. लोखंडी चकत्या निळ्याकाळ्या पडलेल्या, घर्षणाच्या चकत्या कोळशासारख्या. त्यांनी एक चकती नाकाशी नेली. मग दुसरी. मग त्याच फडक्यात सगळ्या गुंडाळल्या आणि आत गेले. त्या दिवशी गॅरेजला कुलूप लागले.

पाचव्या दिवशी कौसाबाईंचा फोन आला. "सर, येऊन जावा एकदा. मानूस घरातल्या घरात मैलभर चालतंय. ताट वाढलं तर भाकर हातात घेऊन फिरतंय."

मी गेलो तेव्हा ते अंगणात ओट्यापासून नळापर्यंत आणि नळापासून ओट्यापर्यंत येरझारा घालत होते. मला पाहूनही थांबले नाहीत. चालता चालताच सांगून टाकले.

"मला वास येत न्हाई, सर. त्या साथीत ताप आल्ता, तवापासून. फुलाचा न्हाई, डिझेलचा न्हाई, कशाचाच न्हाई."

"म्हणजे इतकी वर्षे?"

"लोकांना सवय हुती ना, मिस्त्री काठी हुंगतो म्हनून. मी बी हुंगत ऱ्हायलो. तेलाचा रंग बघायचा, बोटाला चोळायचं, आन डोळे मिटून सांगायचं. बरंच बराबर निघायचं." मग आवाज खाली आला. "घरात भाकर करपली तर मला कळत न्हाई. दुसऱ्याच्या प्लेटा करपल्याल्या कशा कळाव्या? आज पाय भाजला. उद्या कोन मरंल. गॅरेज बंद करतो."

कौसाबाई चुलीपाशी होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत, पण त्यांचे हात थांबले होते. हे त्यांनाही त्या दिवशीच कळले, हे मला नंतर समजले. इतकी वर्षे त्या विचारत, "आमटी कशी झाली?" आणि हे म्हणत, "लई भारी."

मी शिक्षकी थाटाने उपाय मांडले. चकतीची जाडी मोजता येते. शाळेतून व्हर्निअर कॅलिपर आणून देतो. ते पहिल्यांदा माझ्यासमोर उभे राहिले. "जाडी मोजायला इंजन उघडावं लागतं, सर. वास म्हंजे इंजन न उघडता उघडनं हुतं." मग मी माझा वाटा कबूल केला: मला वास आला होता आणि मी बोललो नव्हतो.

"तुमाला आल्ता?"

"आला होता."

"मंग बोलले का न्हाई, शान्या मानसा?" पंचवीस वर्षांत मला असे कोणी रागावले नव्हते. राग योग्य होता.

तेवढ्यात आतून आवाज आला. "मला द्या हुंगायला. ह्या घरात करपल्यालं पयल्यांदा मलाच कळतं."

मिस्त्री हसले नाहीत. गॅरेज उघडून त्यांनी माझ्या गाडीतून काढलेले तेल एका झाकणात आणि दुसऱ्या एका गाडीचे जुने, पण न करपलेले तेल दुसऱ्या झाकणात ओतले. दोन्ही सारखीच काळी. झाकणे पाठीमागे नेऊन त्यांची अदलाबदल केली आणि पुढे धरली. कौसाबाईंनी पदराला हात पुसले, एक झाकण हुंगले, मग दुसरे. "ह्ये निस्तं शिळं हाय. ह्ये खाली लागलंय." मिस्त्रींनी पुन्हा अदलाबदल केली. एकदा नव्हे, अकरा वेळा. अकराही वेळा उत्तर बरोबर आले. बाराव्यांदा त्या म्हणाल्या, "आता माझी चूल इझंल," आणि आत गेल्या.

गॅरेज सुरू झाले. पण अंबादास मिस्त्रींनी एक गोष्ट केली, जी त्यांच्यासारख्या नावाजलेल्या कारागिराला सोपी नव्हती. डावा हात पाहून झाला की ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, "मला वास येत न्हाई. वास आमची मंडळी घेती. चालत आसंल तर गाडी लावा." काहींनी गाडी वळवून नेली. टोमणेही झाले. एक बागायतदार म्हणाला, "मिस्त्री, आता वहिनी इंजन बघनार आन तुमी भाकरी थापनार का?" मिस्त्री गाडीला वळसा घालत म्हणाले, "थापीन की. पन करपली तर मला कळायची न्हाई. जेवायला तुमीच या."

दोन वर्षांनी माझी बदली पुणतांब्याकडे झाली. पूल अजूनही अर्धाच होता. शेवटच्या दिवशी शाळेचा सूक्ष्मदर्शक पोचवायचा होता. नगरला दुरुस्त करून आणलेला, शाळेतला एकमेव. तो मी चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर बांधला आणि पात्रात उतरण्यापूर्वी गॅरेजवर थांबलो. चढावर गाडी पुन्हा घसरली असती, तर भिंग वाचले नसते, आणि माझी नडगी तर आधीच शहाणी झालेली होती.

मिस्त्रींनी सर्व तपासले. तेल बोटांत चोळले आणि त्यांची चर्या बदलली. "प्लेटांचा चुरा लागतोय हाताला. मला वाटतं, उघडावं." त्यांनी काठी पत्नीकडे दिली. कौसाबाईंनी वास घेतला. पुन्हा घेतला.

"न्हाई लागल्यालं."

"अगं, चुरा हाय."

"आसंल. करपल्यालं न्हाई."

मिस्त्री रस्त्यापर्यंत गेले. परत आले. पुन्हा गेले. मी वाट पाहत उभा राहिलो. तीस वर्षांचा हात एकीकडे आणि दोन वर्षांचे नाक दुसरीकडे. अखेर त्यांनी काठी जागेवर बसवली.

"सर, माझा हात म्हनतो उघडा. हिचं नाक म्हनतं जावा. माझ्या हातानं तुमाला एकदा पाडलंय. जावा तुमी. वर गेल्यावर फोन करा."

मी पात्रात उतरलो. गोटे, वाळू, चिकण माती. चढाच्या पायथ्याशी क्लच पूर्ण सोडला, बोटे मुठीवर घेतली आणि पहिल्या गिअरमध्ये वर निघालो. मध्यावर इंजिनाचा आवाज वाढला, आणि त्याच्याबरोबर वेगही वाढला. काठावर गाडी उभी करून मी आधी चादर चाचपली आणि मग फोन लावला. पहिली घंटा पुरी होण्याआधीच तो उचलला गेला. पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते. म्हणजे ते घरात नव्हते, मध्येच कुठेतरी उभे होते.

"पोचलो," मी म्हणालो.

फोन कानावरून काढल्याचा आवाज आला आणि मग दुरून ओरडणे ऐकू आले, "अगं, पोचले सर!"

कौसाबाईंचे उत्तर आणखी दुरून आले. पण नदीच्या या काठावरही ते स्पष्ट ऐकू आले.

"मंग? मी काय म्हनलं हुतं?"