आमच्या देवळाचा कौल

असल्या गोष्टी कुणी सांगू लागलं की मी उठून जाणारा माणूस आहे. कॉलेजात लॉजिक शिकतो म्हणून नव्हे… आम्ही ख्रिस्ती, घरात भुताखेतांचं नाव काढायचं नाही ही लहानपणापासूनची शिस्त. तरीही हे लिहितो आहे, कारण ते भर सकाळी, सगळ्या वस्तीसमोर घडलं — आणि त्यात माझी एक चूक आहे.

पोलादपूरहून आंबेनळीच्या वाटेला लागलं की दोन कोसांवर आमची वस्ती, सात घरं. वरच्या अंगाला मेथडिस्ट मंडळीचं देऊळ. लांबी अठ्ठेचाळीस फूट, रुंदी बावीस. प्रोफेसरांनी गावच्या जुन्या इमारतीवर निबंध मागितला होता, म्हणून मी स्वतः टेप लावून मोजलं होतं. कमरेपर्यंत काळा दगड, त्यावर कच्च्या विटा, वरून चुना. खिडक्या विलायती, टोकदार कमानीच्या. दार मात्र इथल्या गवंड्याने त्याला ठाऊक होतं तसं ठेंगणं केलेलं, त्यामुळे मिशनच्या साहेबालाही वाकून आत यावं लागे. छपराला मंगळुरी कौलं. आतून छत नाही, मान वर केली की कौलंच दिसतात. पायाचे दगड आजोबांनी वाहिले, चुन्याच्या घाणीचा बैल बाबांनी हाकला. पुढे झाडलोट आणि घंटा बाबांकडेच आली.

दोन वर्षांपूर्वी पाळकांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. देऊळ बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा ते राहू द्यावं असा अर्ज मी मिशनला लिहिला. मेच्या सुट्टीत उत्तर आलं. वस्तीत वाचता येणारा मी एकटाच. सगळे पडवीत जमले आणि मी मोठ्याने वाचलं — “देवळाच्या कौलाविषयी ठरले आहे. सोमवारी माणसे येतील, मंडळीने तयार राहावे.”

बाबांनी अर्थ विचारला. मी म्हणालो, देऊळ राहावं की नाही याबद्दल आपला कौल घ्यायला येताहेत. माझ्या मनात मतं घेणं होतं. पण आमच्याकडे कौल म्हणजे देवाला लावतात तो. शेजारची रूथमावशी आईला म्हणाली, “तीस वर्षं सोडा सोडा म्हणून सांगितलान, आता म्हणतो लावा. साह्यबाचा काय नेम नाय गो.” सगळे हसले. मी तिथेच समजावून सांगायला हवं होतं… पण बाबा इतके हरखले होते, की गप्प राहिलो.

रविवारी प्रार्थना झाल्यावर बाबांनी वेदीमागच्या भिंतीला चाफ्याच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देऊळ राहणार, डावी पडली तर जाणार. मग हात जोडून म्हणाले, “बापा, तुझ्या घराचा कौल दे.”

बराच वेळ पाकळ्या हलल्या नाहीत. वारा नव्हता. मग आमच्यामध्ये, उजव्या अंगाला, छपराचं एक कौल येऊन पडलं. फुटलं नाही — कुणी हाताने ठेवावं तसं आडवं.

“मागितलं ते दिलान,” रूथमावशी हळूच म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही. बाबा मात्र उजवी बाजू बघून रडायला लागले. “ऱ्हायलं रे देऊळ.”

मी वर पाहिलं. कुठेही आभाळ दिसत नव्हतं. शिडी लावून बाहेरून चढलो. आढ्यापासून वळचणीपर्यंत एकही कौल कमी नव्हतं. खाली येऊन ते पडलेलं हातात घेतलं. त्यावर हिरवं शेवाळ होतं, आणि ते ओलं होतं. मे महिन्यात.

घरी येऊन मी पत्र उन्हात धरलं. ‘ला’वर एक टिंब होतं, शाई न धरलेलं. कौलांविषयी. आम्हांला कुणी काही विचारलंच नव्हतं; कौलं न्यायची होती — महाडच्या नव्या शाळेसाठी, हे गाड्या आल्यावर कळलं. देवळात मिळालेलं उत्तर माझ्या वाचनाला नव्हतं, पत्राला होतं.

संध्याकाळी बाबांना सांगायला गेलो, तर ते देवळाच्या दर्शनी भिंतीला चुना लावत होते. सांगितलं नाही.

सोमवारी महाडहून बैलगाड्या आल्या. बाबा दारात उभे राहिले, कौल झालाय, उजवा झालाय म्हणत. गाडीवाला म्हणाला, “उजवा काय नि डावा काय बाबा, आमाला सगळीच न्यायची हायत.” दोन दिवसांत छप्पर उतरलं. ते शेवाळलेलं कौलही गाडीत गेलं. श्रावणापर्यंत विटांचा चिखल झाला आणि कमरेइतका दगड तेवढा उरला.

टिंबाचं मी नंतर सांगितलं. बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, तिथे अंगठा फिरवला. “एवढंसं?” म्हणाले.

प्रोफेसर म्हणतात, कौल निसटू शकतं. शकतं. पण कुठून निसटलं ते दाखवायला आता छप्पर नाही, आणि मी पुष्कळ विचार करूनही मला उत्तर सापडलेलं नाही. वाचकांपैकी कुणाला सुचलं तर कळवावं… जरी त्याने काही फरक पडणार नाही.

नाताळात घरी होतो तेव्हा मामाचं पत्र आलं. मी हात पुढे केला. बाबांनी ते टोपीत ठेवलं आणि पोस्टमास्तरांकडून वाचून घ्यायला पोलादपूरपर्यंत चालत गेले.